‘चाललंय ना’ म्हणण्याआधी: ओंटारिओत फ्रेंचमधून उपचार मागताना

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात फ्रेंच शिकलात, टेफ ही फ्रेंचची परीक्षा दिलीत, कॅनडात आलात आणि आता ओंटारिओ प्रांतातल्या सडबरी शहरात एका फ्रेंच पाळणाघरात काम करता. शेजारी काँगोतल्या किन्शासाहून आलेलं कुटुंब आहे. त्यांच्या आजी 68 वर्षांच्या, शुगर आणि बीपी दोन्ही. डॉक्टरांकडे सगळं इंग्रजीत चालतं, म्हणून बारा वर्षांचा नातू शाळा बुडवून सोबत जातो आणि भाषांतर करतो. घरचे म्हणतात, ‘चाललंय ना, उगाच कशाला?’ फ्रेंचमधून उपचार मिळणं हा आजींचा हक्क आहे का, तो मागितला तर नंबर मागे जाईल का, आणि नातवाऐवजी तुम्हीच सोबत गेलात तर चालेल का, हे तुम्ही विचारलं आहे.

मी ओटावात 17 वर्षं हेच काम करते. आधी पुण्यात फ्रेंच शिकवायचे. इथे आल्यावर प्रशिक्षण घेऊन हॉस्पिटलांत दुभाषी झाले, आणि गेली काही वर्षं नव्याने आलेल्या फ्रेंचभाषक कुटुंबांना इथल्या आरोग्यव्यवस्थेत वाट दाखवण्याचं काम करते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आजींच्या औषधांबद्दल बोलणार नाही. बाकीचं मात्र सविस्तर सांगते. थोडक्यात उत्तर हवं असेल तर: हक्क आहे, पण सगळ्या दारांशी सारखा नाही. वेळेवर मागितला तर नंबर मागे जात नाही. आणि तुम्ही जरूर जा, पण नातवाची जागा घ्यायला नको.

खरी अडचण कुठे आहे ते आधी पाहू. सडबरीत फ्रेंच बोलणारे डॉक्टर-नर्स नाहीत असं मुळीच नाही. फ्रेंचभाषक त्या भागात पिढ्यानपिढ्या राहतात. रेल्वे, खाणी आणि लाकूडतोडीच्या कामाला आलेल्या कुटुंबांतल्या मुली आज तिथे नर्स आहेत, फार्मासिस्ट आहेत. पण आजींच्या फाइलवर भाषेच्या रकान्यात बहुतेक ‘इंग्रजी’ लिहिलेलं असणार. नोंदणीच्या दिवशी काउंटरवर नातू बोलला, इंग्रजीत बोलला, समोरच्या बाईंनी तेच टिपलं. एकदा ते टिपलं गेलं की रक्त काढणाऱ्यापासून आहारतज्ज्ञापर्यंत पुन्हा कुणी विचारत नाही. फ्रेंच बोलणारी नर्स दोन खोल्या पलीकडे असते आणि तिला पत्ता नसतो.

याचं एक उदाहरण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. एका हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत मी दुसऱ्याच पेशंटसाठी बसले होते. शेजारच्या पडद्याआड एक नर्स आणि बुरुंडीहून आलेले एक काका वीस मिनिटं मोडक्यातोडक्या इंग्रजीत झटत होते. काका ‘हियर, हॉट’ म्हणत होते, ती ‘बर्निंग? आफ्टर फूड?’ विचारत होती, काका ‘येस, येस’ म्हणत होते. मग तिचा मोबाइल वाजला आणि ती आईशी अस्खलित फ्रेंचमध्ये दोन वाक्यं बोलली. पडद्याआड क्षणभर शांतता. मग काकांचा आवाज आला, ‘मादाम, वू पार्ले फ्रांसे?’ म्हणजे ‘बाई, तुम्ही फ्रेंच बोलता?’ पुढच्या पाच मिनिटांत कळलं की दुखणं जेवणानंतरचं नाहीच, जिना चढतानाचं आहे. तपासणीची सगळी दिशा तिथे बदलली. दोघांनाही एकच भाषा येत होती, आणि दोघांपैकी कुणीही ती आधी काढली नव्हती.

न काढण्याची कारणंही मी वर्षानुवर्षं ऐकते आहे. इथेच जन्मलेले फ्रेंचभाषक सांगतात की आयुष्यभर दुकानात, बँकेत इंग्रजीच बोललो, दवाखान्यात कशाला त्रास द्या. नवीन आलेले म्हणतात, आपण पाहुणे, आपण काय मागायचं? त्यात सरकार एकीकडे फ्रेंचच्या गुणांवर माणसं बोलावतं. 2023 पासून एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवर कायमचा रहिवास देणाऱ्या योजनेत, फ्रेंचसाठी वेगळी निवड होते, आणि क्वेबेक या फ्रेंचभाषक प्रांताबाहेर येणाऱ्या फ्रेंचभाषक स्थलांतरितांचं उद्दिष्ट 2024 साठी 6 टक्के, 2025 साठी 8.5 टक्के ठेवलं गेलं. तुमच्यासारखी कितीतरी मराठी मुलंमुली त्या वाटेने आली. ज्या भाषेवर बोलावलं, त्याच भाषेत दुखणं सांगता येत नसेल तर ते बोलावणं अर्धवट राहतं, हे माझं ठाम मत आहे.

आता हक्काचं. इथे थोडा गोंधळ असतो, कारण लोकांना वाटतं कॅनडा द्विभाषिक देश, म्हणजे हॉस्पिटलंही द्विभाषिक असणार. 1969 चा अधिकृत भाषा कायदा केंद्र सरकारला बांधतो. हॉस्पिटलं चालतात प्रांतांच्या अखत्यारीत. 1984 च्या कॅनडा हेल्थ अ‍ॅक्टमध्ये सार्वजनिक व्यवस्थापन, सर्वसमावेशकता, सार्वत्रिकता, प्रांत बदलला तरी संरक्षण आणि सुलभता अशी पाच तत्त्वं आहेत. भाषेचा उल्लेख नाही. त्यामुळे तुम्ही कुठल्या प्रांतात आहात यावर सगळं ठरतं. न्यू ब्रन्सविक हा एकमेव अधिकृत द्विभाषिक प्रांत, तिथे व्हितालिते नावाचं अख्खं आरोग्य जाळं फ्रेंचमधून चालतं. ओंटारिओत 1986 चा फ्रेंच भाषा सेवा कायदा आहे, 1989 पासून लागू. ज्या भागात फ्रेंचभाषक किमान 5,000 किंवा लोकसंख्येच्या 10 टक्के आहेत असे भाग त्याखाली नेमले जातात. सडबरी त्यात आहे. ब्रिटिश कोलंबिया किंवा अल्बर्टात मात्र असा कायदा नाही. तिथल्या वाचकांनी ‘सोसिएते सांते आं फ्रांसे’ या 2002 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या जाळ्यातली आपल्या प्रांताची शाखा गाठावी. फ्रेंच बोलणारे डॉक्टर, नर्स, समुपदेशक कुठे आहेत याची माहिती ते ठेवतात.

हे हक्क कागदावरून दवाखान्यात कसे उतरले ते सांगायचं तर माँफोरची गोष्ट सांगावीच लागते. ओटावातलं माँफोर हॉस्पिटल 1953 साली सुरू झालं. 1997 मध्ये प्रांताच्या पुनर्रचना आयोगाने ते बंद करण्याची शिफारस केली. हिशेब असा होता की शहरात इतर हॉस्पिटलं आहेत, तिथेही फ्रेंच बोलणारे कर्मचारी मिळतील. 22 मार्च 1997 रोजी सुमारे 10,000 लोक एका सभागृहात जमले. व्हानिए गावाच्या माजी महापौर जिझेल लालोंद यांनी लढ्याचं नेतृत्व केलं. प्रकरण कोर्टात गेलं, 1999 मध्ये पहिला निकाल हॉस्पिटलच्या बाजूने लागला आणि डिसेंबर 2001 मध्ये ओंटारिओच्या अपील कोर्टाने तो कायम ठेवला. कोर्टाने राज्यघटनेतल्या अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या अलिखित तत्त्वाचा आधार घेतला. त्या खटल्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा खाटांचा नव्हता. फ्रेंचमधून डॉक्टर आणि नर्स घडवायला अशी जागा लागते जिथे फाइल, राउंड, जेवणघर, वाद, सगळं फ्रेंचमध्ये होतं. द्विभाषिक हॉस्पिटलात दोन इंग्रजी बोलणारे खोलीत आले की सगळे इंग्रजीकडे वळतात. माँफोर बंद झालं असतं तर वीस वर्षांनी आजींना समजून घेणारी नर्स आली कुठून असती?

पण ओंटारिओच्या 1986 च्या कायद्याच्या मर्यादाही नीट समजून घ्या, नाहीतर चुकीच्या दारात भांडाल. तो सरकारी यंत्रणांना आणि नेमून दिलेल्या संस्थांना लागू होतो. खाजगी फॅमिली डॉक्टर, दंतवैद्य, औषधांचं दुकान यांना लागू होत नाही. तिथे विनंती करायची, हक्क सांगायचा नाही. आणि एक फार चांगली गोष्ट: 2009 पासून ओंटारिओ सरकार ‘फ्रेंचभाषक’ कुणाला म्हणतं त्याची व्याख्या रुंद झाली. मातृभाषा फ्रेंच किंवा इंग्रजी नसली, पण अधिकृत भाषांपैकी फ्रेंच चांगली येते आणि घरात बोलली जाते, अशी माणसंही त्यात धरली जातात. आजींची मातृभाषा लिंगाला ही काँगोतली भाषा असेल, तरी त्या ‘खऱ्या फ्रेंच नाहीत’ असं कुणी म्हणू शकत नाही. काउंटरवर असं कुणी सुचवलंच तर ही व्याख्या शांतपणे सांगा.

शिवाय ‘ऑफ्र आक्तीव’ म्हणून एक कल्पना आहे. पेशंटने मागायची वाट न बघता संस्थेने आधीच ‘तुम्हाला फ्रेंचमध्ये बोलायला आवडेल का?’ असं विचारायचं. ओंटारिओत 2023 पासून त्याचा रीतसर नियम आहे. दारावरची द्विभाषिक पाटी, ‘हॅलो, बोंजूर’ हे अभिवादन, कर्मचाऱ्याच्या कोटावरचा ‘मी फ्रेंच बोलते’ असा बिल्ला, हे सगळं त्यासाठी. रात्रपाळीला माणसं कमी असली की हे सगळं गळून पडतं, हेही मी पाहिलं आहे. म्हणून जोवर समोरून विचारणा होत नाही, तोवर आपणच पहिल्या वाक्यात सांगायचं.

घरच्यांचं ‘चाललंय ना’ मला पटत नाही त्याचं कारण आता सांगते. 2022 साली कॅनडाच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात ओंटारिओतला एक मोठा अभ्यास आला. घरपोच सेवा घेणारे, प्रकृतीने नाजूक असे जे लोक हॉस्पिटलात दाखल झाले, त्यांच्यावरचा. ज्या फ्रेंचभाषकांना मुख्यतः फ्रेंच बोलणाऱ्या डॉक्टरांनी तपासलं, त्यांच्यात हॉस्पिटलात मृत्यू येण्याची शक्यता 24 टक्क्यांनी आणि उपचारांदरम्यान अपाय होण्याची 36 टक्क्यांनी कमी आढळली. इंग्रजी-फ्रेंच सोडून तिसरी भाषा बोलणाऱ्यांना आपल्या भाषेचा डॉक्टर क्वचितच मिळाला, पण ज्यांना मिळाला त्यांच्यात फरक याहूनही मोठा होता.

हे आकडे माझ्या रोजच्या कामात कसे दिसतात? रक्तदाबापासून सुरुवात करते. फ्रान्समध्ये आणि फ्रेंचभाषक आफ्रिकेत रक्तदाब सेंटीमीटरमध्ये बोलायची सवय आहे. आजी म्हणतील, ‘माझं तांस्यों सोळा-नऊ होतं.’ म्हणजे 160/90. इंग्रजी नर्सला ‘सिक्स्टीन, नाइन’ ऐकून काहीच बोध होत नाही, आणि नातवालाही होत नाही, तो शब्दाला शब्द ठेवून मोकळा होतो. शुगरचंही तेच. तिकडचे रिपोर्ट ग्रॅम प्रति लिटरमध्ये असतात, इथले मिलिमोलमध्ये. आपल्याकडची 180 शुगर म्हणजे आजींच्या जुन्या कागदावर 1.8, आणि इथल्या यंत्रावर 10. आजी जर ‘माझी शुगर दोनच्या खाली असते’ असं सांगत असतील आणि समोरचा ते मिलिमोल समजला, तर तो दचकेल, कारण मिलिमोलमध्ये दोन म्हणजे शुगर धोकादायकरीत्या उतरलेली.

मग संख्या. काँगो, रवांडा, बुरुंडी इथल्या फ्रेंचवर बेल्जियमची छाप आहे. 70 ला ते ‘सेप्तांत’ म्हणतात, 90 ला ‘नोनांत’. कॅनडात ‘स्वासांत-दिस’ आणि ‘कात्र-व्हें-दिस’ म्हणतात, आणि पुण्यात आपणही तेच शिकलो. एका काकूंचं जन्मवर्ष 1974. त्यांनी फोनवर ‘सेप्तांत-कात्र’ सांगितलं, पलीकडच्या क्लार्कने अंदाजाने 1964 लिहिलं, आणि एकाच बाईच्या दोन फाइली तयार झाल्या. रक्ताचे अर्धे रिपोर्ट एकीत, अर्धे दुसरीत. ते निस्तरायला आम्हाला दोन महिने लागले. म्हणून फ्रेंच बोलणारी नर्स मिळाली तरी आकडे कागदावर लिहूनच दाखवायचे, ही माझी सवय आहे.

औषधांची नावं तर तुम्हाला भारतावरूनच कळतील. आपण पॅरासिटामॉल म्हणतो, फ्रेंचही पॅरासेतामोल म्हणतात, पण कॅनडात त्याला असेटामिनोफेन म्हणतात. घरून आणलेलं दोलिप्रान किंवा एफेराल्गान आणि इथलं टायलेनॉल ही एकाच औषधाची नावं आहेत हे माहीत नसेल, तर माणूस दोन्ही घेतो आणि यकृतावर भार पडतो. हे मी किमान सहा घरांत पाहिलं आहे, त्यातली दोन आपली मराठी होती.

आणि शब्द. फ्रेंचभाषक आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी ‘फातिगे’ म्हणजे नुसतं दमलेलं नव्हे, आजारी. आजी ‘मी फार फातिगे आहे’ म्हणाल्या तर नर्स ‘थकवा’ लिहील, विश्रांती घ्या म्हणेल. कुणीतरी पुढचा प्रश्न विचारायला हवा: ‘म्हणजे नेमकं काय होतंय?’ आपल्या आईने ‘अंगात कणकण आहे’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘पोटात कालवाकालव होतेय’ म्हटलं तर आपण इंग्रजीत काय सांगू, याचा विचार करून बघा. ‘जीव घाबरा’ होण्याचं भाषांतर भीती असं केलं तर हृदयाची तपासणी राहून जाईल.

आता नातवाबद्दल, आणि इथे मी अगदी स्पष्ट बोलते. त्याला थांबवा. तो हुशार असेल, आजींवर त्याचा जीव असेल, तरीही. आजी त्याच्यासमोर लघवीचं, पाळी गेल्यानंतरच्या त्रासाचं, रात्री येणाऱ्या रडण्याचं बोलणार नाहीत. आणि जे बोलतील, ते सगळं तो पुढे सांगेलच असं नाही, कारण वाईट बातमी आजींपर्यंत पोचू नये असं त्याला वाटणारच.

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका हॉस्पिटलने मला वेळ चुकीची कळवली. मी पोचले तेव्हा भेट संपत आली होती. खोलीत आई होती, तिची तेरा वर्षांची मुलगी होती, आणि डॉक्टर हळू, नीट इंग्रजीत सांगत होते की गाठ कॅन्सरची आहे, पण लवकर सापडली आहे, उपचार चांगले आहेत. मुलगी दोन्ही हातांनी दप्तराचा पट्टा धरून बसली होती. तिने आईकडे पाहिलं आणि फ्रेंचमध्ये एवढंच म्हणाली, ‘डॉक्टर म्हणतात, पुन्हा यावं लागेल.’ मी दारातच होते. मी माझी ओळख करून दिली, मुलीला बाहेर बसायला सांगितलं आणि डॉक्टरांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. आईला रडू आलं, पण त्याहून जास्त तिला मुलीची काळजी वाटली. ‘तिला किती वेळ हे एकटीला माहीत होतं?’ एवढंच ती मला विचारत राहिली. चार मिनिटं असतील. त्या चार मिनिटांमुळेच मी आजवर कुठल्याही भेटीला मुलाला दुभाषी म्हणून बसू दिलेलं नाही.

मग तुम्ही जावं का? सोबत म्हणून जरूर जा. आजींना धीर येईल, फॉर्म भरायला हात मिळेल, बसचा रस्ता कळेल. पण भाषांतराचं काम हॉस्पिटलच्या दुभाष्यावर सोडा. प्रत्यक्ष माणूस नसला तरी बऱ्याच हॉस्पिटलांत फोनवर दुभाषी थोड्या वेळात मिळतो. तो प्रशिक्षित असतो, गुप्ततेने बांधलेला असतो, आणि उद्या जिन्यात भेटत नाही. तुम्ही शेजारी आहात. आजींच्या सुनेबद्दलचं गाऱ्हाणं, घरातल्या पैशांची ओढाताण, जुन्या युद्धातल्या आठवणी, हे सगळं दवाखान्यात निघतं. ते तुमच्या कानावर पडल्यावर पुढे सणाला एकमेकींकडे जाताना जो संकोच येतो, तो मी पाहिला आहे.

कधी इलाज नसतो आणि तुम्हालाच बोलावं लागतं. तेव्हा ‘आजी म्हणतात की’ असं न म्हणता त्यांच्याच तोंडचं वाक्य ‘मला दुखतं’ असं सांगा, म्हणजे डॉक्टर तुमच्याशी न बोलता त्यांच्याकडे बघून बोलतील. काही गाळू नका, काही जोडू नका, सल्ला देऊ नका. शब्द येत नसेल तर ‘हा शब्द मला येत नाही’ असं दोन्ही बाजूंना सांगा. पाळणाघरातल्या फ्रेंचमध्ये मूत्रपिंड आणि मूत्राशय यांतला फरक येईलच असं नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. शेवटी आजींनाच विचारा, ‘घरी जाऊन कुठली गोळी कधी घेणार?’ त्यांचं उत्तर चुकलं तर सगळं परत. ऑपरेशनची संमती, गंभीर निदान आणि मनाच्या आजाराच्या भेटी यांसाठी मात्र तुम्ही नाहीच म्हणा, प्रशिक्षित दुभाषी मागा.

त्याआधी आजींना एक प्रश्न विचारून ठेवा, तोही नातवाच्या किंवा सुनेच्या मार्फत नाही: ‘दुखतं तेव्हा तुम्ही मनात कुठल्या भाषेत बोलता?’ किन्शासात शाळा-कचेरीत फ्रेंच असलं तरी घराबाजारात लिंगाला चालते. आजींच्या वयाच्या किती बायका शाळेत शेवटपर्यंत गेल्या, यावर त्यांचं फ्रेंच ठरतं. उत्तर लिंगाला असेल तर दुभाषी लिंगालाचा मागा. त्यांना फ्रेंच येतं या आनंदात आपण हा प्रश्न विचारायचं विसरतो. मीही सुरुवातीला विसरायचे, आणि पेशंट मान डोलावत राहायचे.

प्रत्यक्षात करायचं काय? या आठवड्यात आजींच्या डॉक्टरांकडे आणि हॉस्पिटलच्या नोंदणी विभागात फोन करा, आजी शेजारी असताना. आजींनी फोनवर होकार दिला की सांगा: फाइलवर पसंतीची भाषा फ्रेंच करा (किंवा लिंगाला), आणि दुभाष्याची गरज आहे असं लिहा. नोंद झाल्यावर ती वाचून दाखवायला सांगा. पुढची प्रत्येक भेट ठरवताना तेच वाक्य पुन्हा. नंबर मागे जातो का, हा तुमचा प्रश्न. भेटीच्या आठवडाभर आधी सांगितलं तर माझ्या अनुभवात कधीच गेला नाही. आयत्या वेळी काउंटरवर सांगितलं तर मात्र दुभाषी येईपर्यंत थांबावं लागतं, कधी भेट पुढे ढकलतात. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, श्वास न पुरणं अशा वेळी भाषेचा विचारही करू नका, 911 लावा आणि वाटेत फ्रेंच मागा. साध्या शंकेसाठी 811 वर नर्स फ्रेंचमधूनही मिळते, रात्रंदिवस.

कायमचे डॉक्टर फ्रेंच बोलणारे हवे असतील तर ओंटारिओच्या डॉक्टरांच्या अधिकृत नोंदवहीत ऑनलाइन भाषेनुसार शोधता येतं. त्याहून चांगली वाट म्हणजे सडबरीतलं फ्रेंच सामुदायिक आरोग्य केंद्र. तिथे डॉक्टर, नर्स, समाजसेवक एका छताखाली आणि फ्रेंचमधून काम करतात. नवीन पेशंट घेतात की यादीत थांबावं लागेल हे त्या त्या वेळेवर अवलंबून असतं, म्हणून आजच नाव द्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, आणि तिच्यावर बरंच ठरतं: आजी इथे कुठल्या दर्जाने आहेत? कायमच्या रहिवासी असतील तर ओंटारिओचं हेल्थ कार्ड मिळतं. तीन महिन्यांची वाट बघण्याची अट मार्च 2020 मध्ये निघाली. वय 65 च्या वर आहे, तेव्हा बहुतेक औषधंही प्रांताच्या योजनेत बसतील. आश्रय मागितलेला असेल तर केंद्राचा अंतरिम आरोग्य कार्यक्रम लागू होतो, आणि तो कुठला दवाखाना स्वीकारतो हे आधी विचारावं लागतं. सुपर व्हिसावर, म्हणजे मुला-नातवंडांकडे राहायला येणाऱ्या आई-वडील, आजी-आजोबांच्या व्हिसावर, असतील तर हेल्थ कार्ड नाही, किमान 1,00,000 डॉलरचा खाजगी विमा असतो, आणि आधीपासूनच्या डायबेटीसला तो लागू आहे का हे पॉलिसीत बघावं लागेल. सामुदायिक आरोग्य केंद्रं कार्ड नसलेल्यांनाही बऱ्याचदा घेतात, म्हणूनही तिथे जा म्हणते.

नीट मागूनही हॉस्पिटलने फ्रेंच नाकारलं, तर आधी त्यांच्याच पेशंट-संपर्क विभागाला लिहा: तारीख, वेळ, कुणी काय म्हटलं. उपयोग झाला नाही तर ओंटारिओच्या ओम्बड्समनकडे, म्हणजे सरकारी सेवांच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जा. फ्रेंच सेवांच्या तक्रारी 2019 पासून त्यांच्या कार्यालयात जातात. तक्रार केली म्हणून कुणाचे उपचार किंवा इमिग्रेशन अडलेलं मी पाहिलेलं नाही. हे त्या कुटुंबाला मुद्दाम सांगा, कारण ती भीती ते तुमच्यापाशी बोलून दाखवणार नाहीत.

पुढच्या भेटीला निघताना आजींच्या पिशवीत दोन गोष्टी ठेवा. एक, घरातली सगळी औषधं, काँगोहून आणलेलीसुद्धा, मूळ खोक्यांसकट. दुसरी, एक जाड कागद. त्यावर जन्मतारीख, महिना अक्षरात लिहून. त्याखाली रक्तदाबाचे आणि शुगरचे आकडे तिकडच्या आणि इथल्या अशा दोन्ही मापांत. सगळ्यांत वर मोठ्या अक्षरात आजींची भाषा. काउंटरवर गेल्यावर तो कागद आजींनी स्वतःच्या हाताने पुढे करायचा, आणि नातू त्या वेळी शाळेत असेल असं बघा.